राऊतांचा पाट

उमेळ्याच्या जगन्नाथ राऊतांना ओळखायचं असेल तर श्रावणात गाठावं. बाकीचे अकरा महिने ते चारचौघांसारखेच असतात. तेहेतीस वर्षं वीज खात्यात खांबावर चढले, निवृत्त होऊन जमिनीवर आले, आणि आता घरामागच्या वाडीत पानवेली, केळी आणि तीन सोनचाफे सांभाळतात. वाडीच्या दोन बाजूंना सात-सात मजले उठलेत. तिथली नवी मंडळी गॅलरीत चहा पिता पिता राऊतांच्या वेलींकडे बघतात आणि राऊत खालूनच हात हलवून त्यांची विचारपूस करतात. माणूस असा. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या गुणाचा त्यांना बारीकसा अभिमानही होता. हाच गुण पुढे त्यांच्या अंगाशी आला.

श्रावण लागला की मात्र या शांत माणसाला घरात चैन पडत नसे. राऊतांकडे पाच दिवसांचा गणपती, आणि तो दुकानातून उचलून आणायचा नसतो. आषाढात घरचा पाट मूर्तिकाराकडे जातो, वर पानाचा विडा, सुपारी आणि नारळ. मूर्तिकाराने विडा उचलला की शब्द झाला. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून घरी येते. राऊतांचा पाट फणसाच्या लाकडाचा, वडिलांनी करून घेतलेला, खालच्या बाजूला काळ्या रंगात ‘राऊत, उमेळे’ असं लिहिलेला. गेली एकेचाळीस वर्षं तो जवळच्या पापडी गावात शत्रुघ्न मास्तरांच्या कारखान्यात जात होता. दिलेला पाट परत मागायचा नसतो, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. तशी वेळच कुणावर आली नव्हती.

आता शत्रुघ्न मास्तरांचं कौतुक करायलाच हवं, इलाज नाही. पंचक्रोशीत गणपतीचे कारखाने दहा असतील, पण डोळ्यांची आखणी करावी ती मास्तरांनीच. वरची रेघ, खालची रेघ, मध्ये काळी बाहुली आणि तिच्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की इतका वेळ गप्प बसलेली माती तुमच्याकडे बघायला लागायची. खोलीत कुठेही उभे राहा, गणपती तुमच्याकडेच बघणार, आणि तेही असं की जणू तुमची सगळी लबाडी त्याला ठाऊक आहे पण तो कुणाला सांगणार नाही. आखणीच्या दिवसांत मास्तर सगळ्यांना बाहेर घालवायचे. भिंतीकडेला एकच लोखंडी खुर्ची असायची आणि तिच्यावर बसायचा मान एकट्या जगन्नाथ राऊतांचा. ते ओंजळभर चाफा घेऊन जायचे आणि श्वास रोखून बसायचे. घरी ओटीच्या भिंतीवर एकेचाळीस वर्षांच्या एकेचाळीस गणपतींचे फोटो त्यांनी ओळीने लावले होते. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ही ओळ बघावी लागे.

आणि याच खुर्चीत बसून मागच्या श्रावणात त्यांनी एक गोष्ट बघितली.

धर्मा म्हात्रे हा खाडीकडचा शेतकरी, राऊतांचा जुना स्नेही. त्याची लेक संजना बारावी होऊन घरी होती, तिची बोटं रांगोळीत रमायची. राऊतांनीच मास्तरांकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. तीन वर्षांत पोर दागिने रंगवण्यापासून साच्यात माती दाबण्यापर्यंत सगळं शिकली. तर त्या दुपारी राऊत खुर्चीत, समोर त्यांचा गणपती, आखणीसाठी पुढचा नंबर त्याचाच. संजना कोपऱ्यात एका मूर्तीच्या पितांबराची किनार रंगवत होती. मास्तर तिच्या मागे गेले. ब्रश असा धरायचा, म्हणत त्यांनी एक हात तिच्या हातावर ठेवला आणि दुसरा तिच्या कमरेवर. पोर आखडली. किनारीची रेघ भलतीकडेच गेली. पण तो दुसरा हात काही निघेना. राऊतांनी हे पुरतं बघितलं आणि मग मान वळवून आपल्या गणपतीकडे बघत म्हणाले, “मास्तर, आमच्याला घ्या आता.”

मास्तर आले. डोळे आखले, नेहमीसारखेच सुरेख. राऊतांनी चाफा वाहिला आणि घरी आले.

चतुर्थीनंतर संजनाने काम सोडलं. राऊतांनी आपल्या मनाची समजूत घातली की आपण हाक मारली ती पोरीला सोडवायलाच. ही समजूत त्यांनी वर्षभरात इतक्या वेळा घातली की शेवटी ती त्यांनाही जवळजवळ खरी वाटू लागली. जवळजवळच. पुरती खरी वाटली असती तर ओटीवरचा एकेचाळिसावा फोटो बघायचं त्यांनी टाळलं नसतं.

यंदा ज्येष्ठात, दुपारी मोगऱ्याचे गजरे करताना सावित्रीकाकूंनी विषय काढला. सावित्रीकाकू म्हणजे राऊतांच्या पत्नी. बोलतात कमी, पण बोलल्या की समोरच्याला पाणी प्यावं लागतं. धर्माची बायको सोनू त्यांना भेटली होती. पोरीने वर्षभराने आईला सांगितलं होतं की मास्तरांचा हात बरा नाही, आणि तो तिच्या एकटीच्याच वाटेला गेलेला नाही. काकूंनी सगळं सांगून झाल्यावर विचारलं की मग आपल्या पाटाचं काय करायचं. आपण तिथेच होतो, हे काही राऊतांच्या तोंडून निघालं नाही.

उलट त्यांनी शास्त्र काढलं. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसती माती, मातीला कुणाचे हात लागले याचा देवाशी काय संबंध, मास्तरांचं पाप मास्तरांपाशी, असं बरंच काही ते बोलले. काकूंनी गजऱ्याची गाठ मारली.

“माती मग आपल्या वाडीत थोडी हाय काय? मंत्र म्हणायला भटजी घरी येतात. पापडीपर्यंत जाता कशाला?”

“अगं, ते डोळे…”

“तेच बोलते मी. तुम्हाला देव नकोय, डोळे पायजेत.”

राऊतांनी स्कूटर काढली आणि ते पापडीला बॅप्टिस्टकडे गेले. बॅप्टिस्ट हा त्यांचा खांबावरचा सोबती. एक वर चढायचा आणि दुसरा खाली शिडी धरायचा. नाव-गाव न सांगता राऊतांनी त्याला विचारलं की कला चांगली आणि माणूस वाईट, अशा वेळी काय करावं. बॅप्टिस्टने आपल्या आळीतल्या एका कॉर्नेटवाल्याची, म्हणजे पितळी तुतारीसारखं वाद्य वाजवणाऱ्याची, गोष्ट सांगितली. सणाला तो वाजवायला लागला की अंगावर काटा यायचा, आणि घरी तो बायकोला गुरासारखं मारायचा. सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्याशिवाय सण फिका व्हायचा, म्हणून सगळ्यांनीच कानाडोळा केला. एका सणाला तो वाजवत असताना त्याची बायको उठून मंडपाबाहेर गेली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या बायका गेल्या. मंडपात पुरुष तेवढे उरले, मान खाली घालून. वाजवण्यात काही फरक पडला होता का, असं राऊतांनी विचारलं. बॅप्टिस्ट म्हणाला की तिळमात्र नाही, सूर तसाच होता, पण तो बसून ऐकायची लाज वाटली. मग, ज्यांच्या स्वतःच्या वाडीत केळीचे पन्नास बुंधे आहेत त्या राऊतांना त्याने घरची केळी दिली, आणि राऊतांनी ती घेतलीसुद्धा. यावरून त्यांचं चित्त कुठे होतं ते कळावं.

असं मन खालीवर चाललेलं असतानाच घोटाळा झाला. आषाढातला पहिला गुरुवार हा राऊतांचा पाट द्यायचा दिवस. त्यांचा मुलगा प्रितेश बँकेत नोकरीला. बाबांचा गुडघा दुखतोय, या भलेपणाने तो सकाळी कामावर जाता जाता पाट, विडा, नारळ सगळं मास्तरांकडे पोचवून गेला. घरात सावित्रीकाकूंना वाटलं की यांनी मला न विचारता पाट पाठवला. राऊतांना वाटलं की हिनेच शेवटी पाठवला, म्हणजे हिचा राग निवळला, सुंठीवाचून खोकला गेला. दोन दिवस काकू भांडी आपटत होत्या आणि राऊत खुशीत शीळ घालत होते. तिसऱ्या दिवशी प्रितेशने सहज सांगितलं आणि शीळ थांबली.

विडा उचलला गेला होता. आता काही बोलायची सोयच उरली नाही, रूढीच आड आली, असं राऊतांना म्हणता आलं असतं. ते म्हणणारही होते. तोंड उघडून ते ओटीवर आले, तर समोर फोटोंची ओळ. एकेचाळिसावा गणपती त्यांच्याकडे बघत होता, सगळी लबाडी ठाऊक असल्यासारखा. राऊत आत गेले आणि बायकोसमोर उभे राहून त्यांनी मागच्या श्रावणातली दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सावित्रीकाकूंनी नुसती स्कूटरची किल्ली आणून दिली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला.

कारखान्यात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती, मागे एक मुलगी रंगाचे डबे धूत होती. मास्तरांनी हसून खुर्ची पुढे केली. राऊत बसले नाहीत. पाट परत द्या, म्हणाले. मास्तरांना आधी नीट ऐकूच आलं नाही, कारण असलं वाक्य त्या कारखान्यात कधी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी विचारलं की एकेचाळीस वर्षांनी माझ्या हातात काय खोट दिसली. पोरीचं नाव तोंडातून जाता कामा नये, एवढंच राऊतांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

“कामात खोट नाय,” राऊत म्हणाले. “तुमच्यासारखे डोळे कोण काढणार नाय, हे मी आजपण बोलतो. पण मास्तर, तुम्ही मला जी खुर्ची देता ना, तिच्यावरून सगळं दिसतं.”

डबे धुण्याचा आवाज थांबला. मास्तरांच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ते एवढंच म्हणाले की विडा उचललाय. राऊतांनी सांगितलं की पानं माझ्याच वेलीची आहेत, दोष लागला तर मला लागू दे. मास्तरांनी फळीवरून पाट काढून जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. राऊतांनी वाकून तो उचलला, दुखरा गुडघा धरत.

आता पाट हातात आला, पण न्यायचा कुठे हा प्रश्न राऊतांना पडलाच नाही. स्कूटर सरळ खाडीकडे वळली. संजनाने आपल्या पडवीत यंदा पाच मूर्ती करायला घेतल्या होत्या, सगळ्या भाऊबंदांच्या, म्हणजे नावं ठेवायला हक्काच्या. हातभर माती माखलेली ती बाहेर आली. राऊतांनी पाट पुढे केला आणि तिने घ्यायच्या आतच मागे घेतला. आधी एक गोष्ट सांगायची आहे, म्हणाले. आणि सांगितली. त्या दिवशी मी बघितलं होतं, तुला सोडवायला हाक मारली असं वर्षभर मनाला सांगत आलो, पण ते खरं नाही.

संजना हाताची माती चोळत ऐकत होती.

“मना म्हाईत हाय, काका. तुमी हाक मारलीत, म्हनून त्याचा हात निंगाला. पन ती हाक माज्यासाठी नव्हती. गनपतीसाठी व्हती.”

सहासष्ट वर्षांच्या माणसाला वीस-एकवीस वर्षांची पोर असं बोलली, आणि तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. राऊतांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हातांत पाट होता. तिनेच तो काढून घेतला.

“पाट घेतंय मी. पन माजी पन एक अट हाय. हितं आथा पोरी कामाला येतीन. तुमी रोज येऊन खुर्चीवर बसायचं. डोलं बगायला नाय. येनारी-जानारी मानसं बगायला.”

अशा रीतीने जगन्नाथ राऊतांना म्हातारपणी नोकरी लागली. सकाळी नऊला हजर. पडवीच्या दारात प्लॅस्टिकची निळी खुर्ची. पहिल्या आठवड्यात त्यांनी राखणदार म्हणून जे काही केलं ते म्हणजे पाच वेळा चहा पिणं आणि धर्माच्याच बोकडाला हाकलणं. मग पोरींनी त्यांच्या पुढ्यात शाडू टाकला आणि मळायला लावला. दोन होत्या, एक संजनाची मावसबहीण, आणि दुसरी पंधरा दिवसांनी पापडीहून आलेली. ती त्या दिवशी डबे धूत होती. काम द्याल का, एवढंच तिने विचारलं, आणि संजनाने तिला ब्रश दिला. गिऱ्हाईक आलं की राऊत उभे राहून विचारायचे, काय पाहिजे, कुठून आलात, आणि उंबऱ्याच्या आत यायचं कारण काय. धर्मा स्वतः पाणी प्यायला आत निघाला, तेव्हा त्यालाही थांबवून विचारलं. धर्मा म्हणाला की घर माझं आहे. राऊत म्हणाले की असेल, पण चप्पल बाहेर आणि हात मागे.

मूर्ती मात्र बेतास बात होत होती. सोंड जरा जाड, पोट जरा एका अंगाला, आणि चेहऱ्यात धर्माचा भास. संजनालाही ते कळत होतं. एका संध्याकाळी ती उमेळ्याला आली आणि राऊतांच्या ओटीवर त्या फोटोंच्या ओळीसमोर उभी राहिली. राऊत ओशाळले. हे फोटो काढून टाकायचे की ठेवायचे यावर घरात महिनाभर खल चालला होता. प्रितेश म्हणे काढा. राऊतांचा हात धजत नव्हता, कारण या प्रत्येकाला ते हात जोडले होते. हे सगळं अडखळत सांगून ते म्हणाले की तू म्हणशील तर आत्ता उतरवतो.

“ऱ्हाऊ द्या,” संजना म्हणाली. तिने मोबाइल काढला आणि एकेका गणपतीच्या डोळ्यांचा जवळून फोटो घेऊ लागली. “मानूस वंगाल हाय तो. पन डोला कसा काढायचा ते मी तितं तीन वर्सं राबून शिकलंय. ती इद्या माजी हाय. ती मी क्याला सोडू?”

सावित्रीकाकूंनी तिला बसवून हळदीच्या पानात वाफवलेल्या गरम गरम पातोळ्या खायला घातल्या, एकेचाळीस डोळ्यांच्या जोड्यांसमोर. राऊतांना तर इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिसरी पातोळी मागून घेतली. काकूंनी दिली. त्यांचा अबोला सुटला तो असा.

चतुर्थीला सहा दिवस उरले आणि आखणीची दुपार आली. राऊतांनी चाफा आणला होता. भाऊबंदांच्या पाच मूर्तींचे डोळे झाले, पहिले दोन घाबरत आणि पुढचे तीन बरे. सगळ्यात शेवटी फणसाच्या पाटावरचा गणपती. संजनाने ब्रश काळ्यात बुडवला, त्याचं टोक बोटावर फिरवलं आणि श्वास धरला. दोन्ही पोरी मागे येऊन उभ्या राहिल्या. राऊत आपोआप खुर्चीतून पुढे झुकले. एकेचाळीस वर्षांत हा क्षण त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. मुलाच्या बारशाला उशीर केला होता, पण हा नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. कुणी एक अनोळखी माणूस उंबरा ओलांडून आत आला आणि पाठमोऱ्या उभ्या पोरींच्या अगदी मागे जाऊन, त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. राऊतांची मान फिरली. या खेपेला दाराकडे. ते उठले, गुडघा विसरून मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की काय पाहिजे. तो बिचारा पलीकडच्या इमारतीतला नवा भाडेकरू निघाला, पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर विचारायला आलेला. राऊतांनी त्याला उंबऱ्याबाहेर नेलं, तिथे नंबर दिला, पत्ता समजावला आणि इथून पुढे बाहेरूनच हाक मारायची असं गोड शब्दांत बजावलं. तो गेल्यावर ते परत वळले.

डोळे आखून झाले होते. संजना ब्रश धूत होती.

डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा झाला होता. गणपती आत्ताच कुणीतरी विनोद सांगितल्यासारखा दिसत होता. राऊत त्याच्यासमोर चाफ्याची ओंजळ धरून उभे राहिले आणि म्हणाले की यंदा बघायचं राहूनच गेलं.

“मी बगलं ना,” संजना म्हणाली, आणि ती बघत होती राऊतांकडे.